मार्लिसचं हिमवादळ

मार्लिस ऑस्टबीने बावीस वर्षांत तिसरीच्या सुमारे चार हजार मुलांना एका बाईच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली होती. हा नवरा हिमवादळात गोठ्याकडे गेला तो परत आला नव्हता. लुंडबी गावात तो सगळ्यांना माहीत होता. काही जणांना तर सख्ख्या काकापेक्षा जास्त माहीत होता.

बाई चित्रातली. कॉलेजच्या कलासंग्रहालयात जिना चढून गेलं की डाव्या भिंतीवर ते चित्र होतं. एक बाई टेबलापाशी उभी, पाठ अर्धी आपल्याकडे, तोंड खिडकीकडे. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. टेबलावर मोठं वाडगं, त्यात हिरवट काहीतरी, शेजारी सुरी. खुर्चीच्या पाठीवर पुरुषाचा कोट. आणि खिडकी पांढरीफटक. खालच्या पितळी पट्टीवर चित्राचं नाव होतं, 'स्वयंपाकघर, दुपार', आणि चित्रकाराचं, एडविन सॉरली.

मिनेसोटात खिडकी पांढरी दिसली की माणूस बर्फाशिवाय दुसरा विचार करत नाही.

मार्लिस संग्रहालयात पोचली ती स्वयंपाकघराच्या वाटेने. एकोणिसाव्या वर्षी ती कॉलेजच्या भोजनगृहात भांडी विसळायला लागली. तीस वर्षांनी ती सगळ्या भांडीघराची मुख्य होती आणि सूपही तिच्याच हाताखाली होत होतं. मग कॉलेजने भोजनगृह एका बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. कंत्राटदाराने तिला कागदी टोपी आणि निम्मे तास देऊ केले. ती दोन्ही तिथेच ठेवून घरी आली. त्या हिवाळ्यात तिने घरातली सगळी कपाटं रिकामी करून पुन्हा भरली. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक रोज तिच्याकडे दोन वाट्या सूप घ्यायचे. त्यांनी तिला बोलावून विचारलं, शाळांची मुलं येतात, त्यांना चित्रं दाखवायला गाइड हवेत, फुकट काम आहे, याल का?

"मला चित्रांतलं काही कळत नाही," मार्लिस म्हणाली.

"मुलांनाही कळत नाही," संचालक म्हणाले.

पहिल्याच दिवशी तिचा चष्मा गाडीत राहिला. हातात माहितीचा कागद होता, पण तो वाचता येईना. सव्वीस मुलं घडीच्या स्टुलांवरून एकमेकांना ढकलत होती, आणि दोघांनी एकमेकांचे हातमोजे तोंडात धरले होते. मार्लिसने आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाली, "हिचा नवरा तीन तासांपूर्वी गोठ्यात गेलाय."

सव्वीसच्या सव्वीस मुलं खाली बसली.

पुढे घरोघरच्या गोष्टी वाढतात तशी तीही दर वर्षी थोडी वाढली. वादळात वाट चुकू नये म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत बांधायची दोरी आली, जी त्या नवऱ्याने त्याच दिवशी बांधली नव्हती. वाडग्यातलं हिरवं म्हणजे तळघरातली हिवाळ्याची सफरचंदं, त्याच्या आवडीच्या ॲपल-पायसाठी चिरायला घेतलेली. बाह्या वर, कारण हात रिकामे राहिले की मन भलतीकडे जातं म्हणून तिने कणीक मळायला घेतली होती. कोट खुर्चीवर, कारण 'पाच मिनिटांत येतो' म्हणून तो अंगावरच्या स्वेटरनिशी गेला. पाचव्या वर्षापर्यंत हे आपण रचलंय हे मार्लिसच्या लक्षातही राहिलं नाही. आपण ते कुठेतरी वाचलंय, असंच तिला वाटायचं.

एका मोठ्या वादळात एक दहा वर्षांची मुलगी बापाचा कोट घेऊन दारात आडवी बसली, असं गावात सांगतात. पाद्रीसाहेबांनी त्या बाईवर एकदा प्रवचन दिलं. किराणा दुकानात रांगेत उभं असताना लेकुरवाळ्या आया मार्लिसकडे बोट दाखवून म्हणायच्या, "त्या बघ, वादळवाल्या." भोजनगृहात तीस वर्षं लोक तिला "सूप कसलं आहे?" एवढंच विचारत आले होते. आता गावात तिला काहीतरी माहीत आहे असं धरलं जायचं. तिच्याजवळ गाइडचं निळं जाकीट होतं, त्यावर नावाची पट्टी होती आणि ही गोष्ट होती. फार नव्हतं, पण दुसरं काही नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात संग्रहालयाच्या कार्यक्रमांसाठी हॅडली प्रेस्कॉट नावाची एकतीस वर्षांची मुलगी पूर्वेकडून आली. बुधवारी दुपारी बाराला संग्रहालयात भाषण असतं, लोक आपापला डबा घेऊन येतात. बोलणारे प्राध्यापक, ऐकणारे चौदा. चौदांपैकी अकरा जण वृद्धांच्या वसाहतीतल्या गाडीने येतात आणि बारा पन्नासला, वाक्य कुठेही असो, उठून गाडीत बसतात. भाषण संपलं की हॅडली विचारायची, "काही प्रश्न?" आणि हसऱ्या चेहऱ्याने थांबायची. लोकही हसऱ्या चेहऱ्याने थांबायचे. लुंडबीत प्रश्न विचारत नाहीत. विचारला, तर तुम्ही नीट सांगितलं नाहीत असं बोलणाऱ्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं होतं. तुमचं चुकलं असं म्हणणं, हे तर बर्फाचे बूट न काढता कुणाच्या दिवाणखान्यात शिरण्यासारखं. फारच झालं तर "हे जरा वेगळं आहे" असं म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजतो.

हॅडलीला हे कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगणंही बरं दिसलं नसतं.

जानेवारीत तिने मार्लिसला गाठलं. "प्राध्यापक पुष्कळ झाले. मला गावातलं माणूस हवंय. एक चित्र, एक माणूस. मार्लिस, तुम्ही तुमच्या चित्रावर बोला."

"चाळीस मिनिटं?"

"चाळीस मिनिटं. चित्रकाराबद्दल थोडं, तारखा वगैरे, आणि मग तुमची गोष्ट. पोस्टर मी करते."

पोस्टर झालं. 'ती अजून वाट पाहते आहे', आणि खाली मोठ्या अक्षरांत मार्लिस ऑस्टबी, मागेपुढे काही नाही. ते किराणा दुकानात लागलं, चर्चच्या दारात लागलं, ट्रॅक्टरच्या दुकानात बॅटऱ्यांच्या वर लागलं. पाद्रीसाहेबांनी रविवारी प्रार्थनेच्या शेवटी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा नवरा ऑर्लिन एकतीस वर्षं जिल्ह्याची बर्फ काढायची गाडी चालवून निवृत्त झाला होता आणि संग्रहालयात आयुष्यात एकदाच गेला होता. तोही म्हणाला, "येईन की."

तारखा हव्या होत्या म्हणून सोमवारी सकाळी मार्लिस तळघरात रेमंडकडे गेली. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूची एक फाइल असते, आणि त्या फाइली रेमंड सांभाळतो. खोलीत पेन चालत नाही, पेन्सिल चालते. रेमंडने सॉरलीची फाइल काढली, आतल्या पुठ्ठ्याला टाचलेलं कार्ड तिच्यापुढे केलं. जो फाइल पाहील त्याने त्यावर नाव आणि तारीख लिहायची. मार्लिसने कार्डाकडे न बघताच तळाशी सही केली आणि फाइल उघडली.

आत चित्रकाराचं एक पत्र होतं. चित्र कॉलेजला भेट मिळालं तेव्हा कुणीतरी त्याला विचारलं असावं. त्याने उत्तर दिलं होतं.

'बाई म्हणजे आयोवातल्या डब्यूकची माझी घरमालकीण. ऑगस्ट महिना होता. खिडकीबाहेर भाडेकरूंच्या चादरी वाळत होत्या, त्यामुळे मागचं अंगण रंगवायचं वाचलं. वाडग्यात काकड्या आहेत. अजून किती वेळ, असं ती सारखी विचारत होती. कोट माझा. तो तिथेच विसरलो.'

मार्लिसने ते दोनदा वाचलं. नवरा गेला, गोठा गेला, वादळ गेलं, ते तिने कसंबसं गिळलं. पण काकड्या घशाखाली उतरेनात. तीस वर्षं तिने काकड्या चिरल्या होत्या. दर ऑगस्टमध्ये घरी चाळीस बरण्या लोणचं घातलं होतं. आणि बावीस वर्षं काकड्यांच्या वाडग्यापुढे उभं राहून तिने त्यांना सफरचंदं म्हटलं होतं.

मग तिने कार्डाकडे पाहिलं.

तीन संचालक. सूपवाले सगळ्यात वर. कलेच्या इतिहासाचे दोन प्राध्यापक. चित्रं साफ करायला आलेली एक बाई. हॅडली, गेल्या सप्टेंबरात, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. आणि मधोमध गोल गोल अक्षरांत लव्हॉन केटेलसन, ऑक्टोबर २००४. लव्हॉनही गाइड होती, वरच्या ग्रीक घड्याची गोष्ट ती मुलांना सांगायची. चर्चमध्ये गेली तीस वर्षं ती मार्लिसच्या पुढच्याच बाकावर बसत होती. मार्लिसच्या मुलीच्या लग्नाचा केक तिने केला होता.

"झेरॉक्स हवी का?" रेमंडने विचारलं.

"रेमंड, हे तू वाचलंयस?"

"फाइल लावताना वाचावंच लागतं."

"आणि मी वर मुलांना काय सांगते ते तुला माहीत नव्हतं?"

"ऐकू येतं की. गरम हवेच्या नळातून." रेमंडने थोडा विचार केला. "छान सांगता तुम्ही."

मंगळवारी ती हॅडलीच्या खोलीत गेली आणि पत्राची झेरॉक्स टेबलावर ठेवली. हॅडलीने पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"हो, हो, वाचलंय मी. मजेशीर आहे ना?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार. मला वाटलं तुम्ही जाणूनबुजून त्या पत्राच्या विरोधात एक पर्यायी कथन उभं करताय. मी माझ्या वार्षिक अहवालात लिहिलंय त्याच्यावर. एक अख्खा परिच्छेद."

"मी काही उभं केलेलं नाही. माझा चष्मा गाडीत राहिला होता."

"मार्लिस, चित्राचा अर्थ काही एकच नसतो. बघणारा तो घडवतो."

"काकडी आहे ती."

"काकडीसुद्धा..."

"नाही," मार्लिस म्हणाली. "काकडीचा अर्थ एकच असतो."

हॅडलीने खुर्ची जवळ ओढली. ती मनाने चांगली मुलगी होती. "हे बघा, लोक तुमची गोष्ट ऐकायला येतायत. ती सांगा. पत्राचा उल्लेख करायची काहीच गरज नाही. कुणाला कळणार नाही."

"ज्यांना कळायला हवं त्यांना सगळ्यांना आधीच कळलंय," मार्लिस म्हणाली आणि झेरॉक्स घडी करून पर्समध्ये ठेवली.

साडेपाचला ऑर्लिन आणि ती जेवायला बसली. कीस केलेल्या बटाट्यांचा थर दिलेला हॉटडिश होता, मधोमध अजून खदखदत होता.

"ते बर्फ नाहीये," मार्लिस म्हणाली. "चादरी आहेत."

ऑर्लिनने आपल्या ताटात वाढून घेतलं. "हो."

"हो म्हणजे?"

"मी पाहिलं होतं ना एकदा. तुझ्या पहिल्या वर्षी, घरच्या माणसांना बोलावलं होतं तेव्हा. बर्फाला घड्या पडत नाहीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

मार्लिसने काटा खाली ठेवला. ऑर्लिनने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला, मग ताटाकडे बघतच म्हणाला, "आणि त्या वर्षी तुला दुसरं काहीच बरं वाटत नव्हतं."

त्याने तिच्या ताटात कडेचा खरपूस तुकडा वाढला, जो तो एरवी स्वतः घेतो.

"उद्या फ्लू झाला म्हणून सांगू का?" त्याने विचारलं. "मी करतो फोन. फ्लूला कुणी काही म्हणत नाही."

"मग पुढच्या महिन्याची तारीख देतील. पुन्हा पोस्टरं लागतील."

"मग नेहमीची गोष्ट सांग. लोकांना आवडते."

"सांगितली असती," मार्लिस म्हणाली. "पण त्या कार्डावरचे चार-पाच जण तिथे असणार. ते मान डोलावतील. छान, म्हणतील. आतापर्यंत ते मला दिसत नव्हतं. उद्या दिसेल."

"आणि खरं सांगितलंस तर?"

"तर बावीस वर्षं ही बाई निळं जाकीट घालून मुलांना थापा मारत होती, हे आख्ख्या गावाला कळेल. पुढच्या ऑक्टोबरात माझ्या हाती मुलं कोण देणार? पुन्हा कपाटं आवरत बसेन."

ऑर्लिनने मान हलवली. कपाटांचा तो हिवाळा त्याने पाहिला होता. तेव्हाच्या हरवलेल्या काही गोष्टी त्याला अजून सापडल्या नव्हत्या.

बुधवारी पावणेबारालाच खुर्च्या संपल्या. हॅडली दारात हातातलं मोजणीचं बटण दाबत उभी होती, आकडा चौऱ्याण्णवपर्यंत गेला. वसाहतीची गाडी आली, तिच्या मागे दुसरी गाडी आली. पाद्रीसाहेब होते. तिसरीच्या तीन शिक्षिका होत्या. एके काळी तिसरीत असलेले पुष्कळ जण होते, आता दाढ्या आणि जिल्हा कचेरीचे गणवेश असलेले. सूपवाले संचालक काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. लव्हॉन मागच्या टेबलाशी वड्यांसारखे गोड बार कापत होती, लिंबाचे आणि खजुराचे, मोठ्या ट्रेमधून चौकोन चौकोन. ऑर्लिन भिंतीला टेकून उभा राहिला. चित्र वरून खाली आणून एका लाकडी तिपाई घोडीवर ठेवलं होतं.

हॅडलीने ओळख करून दिली. ती सात मिनिटं चालली, त्यात 'समुदाय' हा शब्द नऊ वेळा आला. मग मार्लिस उठली. तिने चष्मा लावला.

"वाडग्यात काकड्या आहेत," ती म्हणाली.

तिने मागे हात करून वाडगं दाखवलं.

"सफरचंदं नाहीत. मी तुम्हाला सफरचंदं सांगितलं ते चूक होतं. हे बर्फही नाही. या वाळत घातलेल्या चादरी आहेत. महिना ऑगस्ट. बाईला नवरा होता की नाही माहीत नाही, पण तो गोठ्यात गेलेला नाही. डब्यूकमधल्या त्या घराला गोठाच नसावा. कोट चित्रकाराचा आहे. हे मी सोमवारी वाचलं. त्याआधी बावीस वर्षं मी जे सांगत होते ते मी मनाने रचलेलं होतं, आणि तुमच्यापैकी निम्मे लोक तिसरीत असताना मी त्यांना ते सांगितलंय." तिने झेरॉक्स उघडली आणि पत्र वाचून दाखवलं. मग घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

समोर चौऱ्याण्णव चेहरे होते. त्यांच्यावर लुंडबीत अंत्यविधीला असतो तसा मवाळ, कुणालाही त्रास होऊ नये असा भाव होता. सूपवाले संचालक आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होते.

छत्तीस मिनिटं उरली होती. बसून घेता आलं असतं. पण बसायला तिची खुर्चीच उरली नव्हती, तिच्यावर पाद्रीसाहेब बसले होते. मार्लिस चित्राकडे वळली. बावीस वर्षांत ती नेहमी मुलांकडे तोंड करून उभी राहिली होती, चित्र पाठीमागे असायचं.

"ही सोमवारची दुपार आहे," ती जरा वेळाने म्हणाली. "चादरी सोमवारी धुतात. भाडेकरूंच्या चादरी, म्हणजे पुष्कळ. ती पहाटे चारपासून उभी आहे. हिचे घोटे बघा, सुजून बुटांच्या वर आलेत." दोन-तीन बायका पुढे वाकल्या. "काकड्या सकाळी तोडलेल्या आहेत, देठ ताजे दिसतात. काकडी तोडली की त्याच दिवशी मिठाच्या पाण्यात पडायला हवी, नाहीतर बरणीत पिळपिळीत होते. हे हिला माहीत आहे. यातल्या अर्ध्याच सोललेल्या आहेत. सुरी अशी आडवी ठेवली आहे, म्हणजे मध्येच थांबायला सांगितलंय कुणीतरी. मी म्हणायचे ही वाट बघते आहे. तेवढं मात्र बरोबर आहे. हिच्या स्वयंपाकघरात एक माणूस ब्रश घेऊन बसलाय आणि म्हणतो हलू नको. हिची काकडी मऊ पडतेय, चादरी वाळून कडक व्हायला लागल्यात, आणि हा कधी उठेल याची ती वाट बघतेय. मान बघा हिची. तीस वर्षं मी असे लोक पाहिलेत. भांडी धुवायची वेळ झाली तरी कॉफीचा कप हातात धरून बोलत बसणारे. त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलं की मान अशीच होते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

ती अठरा मिनिटं बोलली. मग तिला आणखी काही दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "एवढंच," आणि थांबली.

हॅडली उठली. "काही प्रश्न?" ती सवयीने म्हणाली.

मधल्या रांगेतून हात वर आला. लोकांनी वळून पाहिलं. जिल्हा पोलिसातला एक धिप्पाड गडी होता, मांडीवर टोपी.

"म्हणजे नवरा नव्हताच?"

"गोठ्यात गेलेला तरी नव्हता."

"मी आमच्या घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधलीय," तो म्हणाला. "दर नोव्हेंबरात बांधतो."

"दोरी असू दे," मार्लिस म्हणाली. "दोरी चांगलीच."

"बरं," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग वसाहतीतल्या एका आजीबाईंनी हात अर्धा वर केला. "मीठ किती घालायचं?"

"कशाला?"

"काकड्यांना. माझ्या सुनेच्या मऊच पडतात."

सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ते पाण्यामुळे होतं. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे." पलीकडून कुणीतरी म्हणालं, पाण्याचा काही संबंध नाही, द्राक्षाचं पान टाकायचं. पाद्रीसाहेबांनी विचारलं, शेपू देठासकट घालायची की नुसता पाला. लसूण घालावी की नाही यावर दोन रांगांत मतभेद झाले. बारा पन्नासला वसाहतीचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, मग तो आत आला आणि ऐकत बसला. सव्वा वाजता हॅडलीने हात जोडून सगळ्यांना थांबवलं. चित्राबद्दल एकच प्रश्न आला होता. तिने वहीत लिहिलं, 'प्रश्न: एकतीस.'

जाताना तिसरीच्या शिक्षिका मार्लिसपाशी थांबल्या. सगळ्यात वयस्क होती ती म्हणाली, "हे जरा वेगळं होतं."

मार्लिसने मान हलवली. काय ते ती समजली.

शिक्षिका कोटाची बटणं लावत होती. शेवटचं बटण लागल्यावर म्हणाली, "ऑक्टोबरात दोनच वर्ग आणले तर चालतील का? एक वर्ग दुसऱ्या गाइडकडे देऊ. आईबाप विचारतील."

"चालेल," मार्लिस म्हणाली. तीनच्या जागी दोन. पुढे ती कितीतरी दिवस हा आकडा मनात उलटसुलट करून बघत होती, हे कमी आहे की पुष्कळ आहे.

मागच्या खोलीत मोरी होती. लव्हॉन कॉफीचं मोठं भांडं विसळत होती. मार्लिसने फडकं घेतलं आणि शेजारी उभी राहिली. दोघींनी मिळून चार ट्रे पुसले.

"दोन हजार चार," मार्लिस म्हणाली.

लव्हॉनने नळ बंद केला नाही. "मला वाटलंच होतं तू कार्ड बघशील."

"पंधरा वर्षं, लव्हॉन."

"अगं, ऑक्टोबरात वाचलं आणि नोव्हेंबरात ऑर्लिनचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हा का सांगणार होते? मग पुढच्या वर्षी माझी आई गेली आणि तू आठवडाभर डबे आणलेस. ज्या बाईचं खातेय तिलाच म्हणू, तुझी सफरचंदं म्हणजे काकड्या? त्यानंतर मग उशीरच झाला. दोन वर्षांनी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, दोन वर्षं का गप्प बसलीस. दर वर्षी एक वर्ष वाढतच गेलं."

"मी चार हजार मुलांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं."

"कुणी हसलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

लव्हॉनने नळ बंद केला. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. "मी तुझ्या जागी असते तर," ती म्हणाली, "मला कुणी नसतं सांगितलं तर बरं वाटलं असतं."

मार्लिसने पुसून झालेला ट्रे पुन्हा पुसला. दुसऱ्याची चूक तोंडावर सांगायची नाही, हे ती आईच्या मांडीवर शिकली होती. भीड भिकेची बहीण असते हेही तिला सोमवारपासून कळलं होतं, पण कळणं आणि तोंड उघडणं यांत बरंच अंतर असतं. लव्हॉन तीस वर्षं पुढच्या बाकावर होती, तिच्या मानेवरचा तीळसुद्धा मार्लिसला पाठ होता.

"तुझा तो ग्रीक घडा," मार्लिस म्हणाली.

"कुठला? मधाचा?"

"मध नाही त्यात. प्रेताजवळ ठेवायच्या तेलाचं भांडं आहे ते. आणि त्यावरची बाई राणी नाही. ती थडग्यापाशी आलीय."

लव्हॉन तिच्याकडे बघत राहिली. "तुला काय माहीत?"

"मी त्याची फाइल पाहिलीय. कार्डावर माझी सही आहे. दोन हजार आठ."

बाहेर हॅडली खुर्च्या मिटत होती.

"मी मुलांना काचेबाहेरून बोट बुडवून मध चाटल्याचं नाटक करायला लावते," लव्हॉन म्हणाली. "दर वर्षी. रांगेने."

"पाहिलंय मी."

"आणि तू तिथे उभी राहून हसत होतीस."

"तू फार छान करतेस ते," मार्लिस म्हणाली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

लव्हॉनने एप्रन सोडला, घडी केली, मोरीच्या कडेवर ठेवला. मग कोट न घालताच बाहेर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली. वरच्या मजल्यावर, घड्याच्या दालनाच्या बाजूला, ती थांबली. मार्लिस मोरीपाशी उभी राहिली. तीस वर्षांची ओळख किती मिनिटांत संपते, हे तिला माहीत नव्हतं. तिने कधी कुणाला तसं काही सांगितलंच नव्हतं. तिने उरलेले बार डब्यात भरले. डब्याला झाकण लावलं. लागलं नाही म्हणून दोन बार बाहेर काढून पुन्हा लावलं.

वीस मिनिटांनी लव्हॉन खाली आली. चष्मा कपाळावर होता आणि डोळे लाल होते.

"थडगंच आहे ते," ती म्हणाली. "पायऱ्या आहेत त्याला. मी ते सिंहासन म्हणत होते."

"हो."

"उद्या साडेनऊला सत्तावीस मुलं येतायत."

"माहीत आहे."

लव्हॉनने कोपऱ्यातलं एक घडीचं स्टूल उघडलं आणि त्यावर बसली. मग दुसरं पायाने मार्लिसकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "फाइलमध्ये काय काय आहे ते पहिल्यापासून सांग. मध्येच छान-बिन म्हणालीस तर उठून जाईन."

मार्लिस बसली आणि सांगायला लागली.